तलफ म्हणजे गोडी नव्हे

माझे धाकटे काका तंबाखू खायचे. दुपारचं जेवण झालं की पडवीत येऊन बसायचे आणि बंडीच्या खिशातून चंची काढायचे. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर नखाने ओढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने मळणं. मळून झालं की दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि बार खालच्या ओठाआड. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना विचारलं, "काका, एवढं काय लागतं हो त्यात?" त्यांनी सरळ सांगितलं, "आता काहीच लागत नाही रे. पहिल्यांदा गरगरायचं, बरं वाटायचं. आता नुसती तलफ भागते."

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि ते आजच्या रूढ मताच्या नेमकं उलट जातं.

रूढ मत असं. मेंदूत डोपामिन नावाचं आनंदाचं रसायन असतं. दारू, गांजा, तंबाखू, ब्राउन शुगर, काहीही घेतलं की त्या रसायनाचा पूर येतो, पुराबरोबर सुख येतं, मेंदूला त्या सुखाची चटक लागते आणि माणूस व्यसनी होतो. शाळांमधल्या व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत हेच ऐकायला मिळतं. यातून दोन निष्कर्ष आपोआप निघतात. व्यसनी माणूस सुखाला चटावलेला असतो, त्याला मजा सोडवत नाही, हा पहिला. काही दिवस सगळ्या सुखांपासून लांब राहिलं की मेंदू मूळपदावर येतो, हा दुसरा. त्याला हल्ली 'डोपामिन डिटॉक्स' असं नाव मिळालं आहे. दोन्ही निष्कर्ष मला चुकीचे वाटतात, आणि पहिला तर क्रूरही.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तेव्हा या मताच्या बाजूने जे आहे ते आधी सांगतो. १९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबली की तिच्यातून विजेचा सौम्य प्रवाह जाईल अशी सोय केली. उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे कळलं की या प्रकाराचा डोपामिन वाहून नेणाऱ्या पेशींशी जवळचा संबंध आहे. रॉय वाइझ यांनी डोपामिन अडवणारी औषधं उंदरांना देऊन पाहिली. उंदीर खाण्यासाठी धडपडेनासे झाले. डोपामिन अडलं की सुखाची चवच जाते, असा सिद्धान्त त्यांनी १९८२ साली मांडला. शिवाय कोकेन डोपामिन परत ओढून घेणारी यंत्रणा अडवतं, ॲम्फेटामिन ते पेशीबाहेर ढकलतं, निकोटिन डोपामिनच्या पेशींना चेतवतं. यातलं एकही विधान खोटं नाही. गफलत एकाच पायरीवर आहे: 'डोपामिन वाढलं' याचा अर्थ 'सुख वाढलं' असा लावला गेला.

ती पायरी कशी निखळली ते पाहण्यासारखं आहे. बाळाला घुटी पाजताना ज्यांनी त्याचं तोंड पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे की गोड आणि कडू चेहऱ्यावर लगेच उमटतं. गोड लागलं की बाळ जीभ बाहेर काढून चाटतं, कडू लागलं की तोंड वासून जिभेने बाहेर ढकलतं. उंदीरही हेच करतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांचे हे चेहरे एकेक चौकट करून तपासले. मग त्यांनी काही उंदरांच्या मेंदूतले डोपामिनचे तंतू रसायनाने जवळजवळ पूर्ण नष्ट केले. ते उंदीर खाईनात, पिईनात. समोर अन्न असताना उपाशी मेले असते, म्हणून त्यांना नळीने भरवावं लागलं. वाइझ यांचं म्हणणं खरं असेल तर त्यांना साखरही मातीसारखी लागायला हवी. पण जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडले तर ते धडधाकट उंदरांइतकेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती. दोन पावलं चालून तिच्यापर्यंत जाण्याची ओढ मात्र उरली नव्हती.

उलट बाजूनेही तेच दिसलं. ज्यांच्या मेंदूत डोपामिन जास्त रेंगाळतं अशा उंदरांना खाण्याची ओढ जास्त असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर गोडी जास्त उमटत नाही. १९९३ साली टेरी रॉबिन्सन आणि बेरिज यांनी यावरून व्यसनाचा नवा सिद्धान्त मांडला: हवंसं होणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्यसनात पहिली फोफावते, दुसरी फोफावेलच असं नाही. पुढे वाइझ यांनीही आपलं जुनं मत सोडलं. इंग्रजी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागला. मराठीत दोन शब्द आधीपासून आहेत. गोडी वाटते, तलफ येते, लागते आणि भागवावी लागते. तलफेला भूक-तहानेची क्रियापदं लागतात, आनंदाची लागत नाहीत. डोपामिनच्या लोकप्रिय कथेने हे दोन शब्द एकत्र घोटले आणि आपल्याला काकांपेक्षा कमी कळू लागलं.

माणसांच्या बाबतीत काय? नोरा व्होल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कोकेनच्या व्यसनातून नुकत्याच बाहेर आलेल्या लोकांना एक उत्तेजक औषध देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. पुराच्या कथेनुसार त्यांच्या मेंदूत डोपामिन इतरांपेक्षा जास्त उसळायला हवं होतं. ते इतरांपेक्षा कमी वाढलं, आणि त्यांना नशाही कमी जाणवली. पूर ओसरलेला होता, तलफ शिल्लक होती.

अफू-हेरॉइनच्या बाबतीत तर डोपामिनची मक्तेदारीच संपते. अफूचे घटक मेंदूच्या मध्यभागातल्या काही आवर घालणाऱ्या पेशींना गप्प करतात; त्या गप्प झाल्या की डोपामिनच्या पेशी मोकाट सुटतात. हे जॉन्सन आणि नॉर्थ यांनी १९९२ साली दाखवलं आणि पाठ्यपुस्तकांत ते योग्यच छापलं जातं. पण सिॲटलमधल्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात या उंदरांनाही, मॉर्फिन जिथे मिळालं ती जागा आवडू लागली. आनंदाचं म्हणवलं जाणारं रसायन नसतानाही मॉर्फिनने आपलं काम केलं.

इथवर खंडन. पण त्यामागचा मोठा मुद्दा वेगळा आहे. रूढ मत रसायनाकडे पाहतं आणि पेशींकडे पाहत नाही. पाटाला पाणी सुटलं म्हणून सगळीकडे सारखं पीक येत नाही. कुठल्या वाफ्याचं दार मोडलं आहे त्यावर ते ठरतं.

मेंदूच्या बुडाशी न्यूक्लियस अक्युम्बेन्स नावाचा एक भाग आहे. प्रत्येक व्यसनाच्या चर्चेत तो येतोच. उंदराच्या या भागातल्या सुमारे ९५ टक्के पेशी एकाच घडणीच्या असतात: मध्यम आकाराच्या, फांद्यांवर बारीक काटे असलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण त्यांच्यात दोन जाती आहेत. एकीच्या अंगावर डोपामिन पकडणारे डी-१ रिसेप्टर असतात, दुसरीच्या अंगावर डी-२. तेच डोपामिन पहिल्या जातीला चेतवायला मदत करतं आणि दुसरीला शांत करतं. म्हणजे 'डोपामिनचा पूर आला' हे वाक्य अर्धवट आहे. कुणाच्या दारात आला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

जुळ्या बहिणींपैकी एकीलाच हाक कशी मारायची, हा प्रश्न बराच काळ सुटत नव्हता. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली लिहिलं होतं की मेंदू समजून घ्यायचा तर एकाच जातीच्या पेशींवर ताबा मिळवण्याची आणि बाकीच्यांना धक्का न लावण्याची पद्धत हवी. ती पद्धत मिळाली साचलेल्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळापासून. एका एकपेशीय शेवाळात निळ्या प्रकाशाने उघडणारं एक प्रथिन असतं. ते चेतापेशीत घातलं तर पेशी प्रकाशाने चेतवता येते, हे २००५ साली एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या प्रथिनाचा जनुक फक्त डी-१ पेशींत किंवा फक्त डी-२ पेशींत घालता येतो. केसाइतका काचेचा तंतू उंदराच्या मेंदूपर्यंत न्यायचा, निळा दिवा लावायचा आणि वागणूक बघायची.

मेरी के लोबो आणि एरिक नेस्लर यांनी न्यूयॉर्कमध्ये हेच केलं आणि २०१० साली निष्कर्ष छापले. डी-१ पेशी चेतवल्या की कोकेनची ओढ वाढली; डी-२ चेतवल्या की कमी झाली. तीन वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एका गटाला दिसलं की कोकेन मिळत असूनही जे उंदीर त्याच्या आहारी गेले नाहीत, त्यांच्यात डी-२ पेशींना येऊन मिळणारे जोड अधिक बळकट झालेले होते. व्यसनाला मेंदूत विरोधी पक्षही असतो, आणि तोही पेशींचाच बनलेला असतो. पुराच्या कथेत या विरोधी पक्षाला जागाच नाही.

पण मला सर्वांत पटलेला प्रयोग जिनिव्हाचा आहे. क्रिश्चन ल्यूशर यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली तो प्रसिद्ध केला. रूढ मताला जी परीक्षा स्वतःहून घ्यावीशी वाटली असती, तीच त्यांनी घेतली. औषध नाही, सुई नाही, फक्त डोपामिन. उंदराने कळ दाबली की प्रकाशाने त्याच्या डोपामिनच्या पेशीच थेट चेतवल्या जात. सगळे उंदीर झपाट्याने शिकले, सगळे कळ दाबू लागले. मग नियम बदलला. आता कळ दाबली की पायाखालच्या जाळीतून झटकाही बसायचा. सुमारे ४० टक्के उंदरांनी कळ सोडून दिली. उरलेले सुमारे ६० टक्के झटके खात दाबत राहिले.

डोपामिन सगळ्यांना सारखंच मिळत होतं, ते सगळ्यांना हवंही होतं. मग फरक कशात होता? डोळ्यांच्या वर, कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तिथून स्ट्रायटम नावाच्या भागाच्या वरच्या बाजूकडे जाणाऱ्या तंतूंच्या जोडांत. झटके खाणाऱ्यांत हे जोड बळकट झालेले होते, सोडून देणाऱ्यांत नव्हते. संशोधकांनी ते जोड कमजोर केले तर हट्टी उंदीर थांबले. बळकट केले तर थांबलेले उंदीर पुन्हा झटके खाऊ लागले. डोपामिनचा पूर म्हणजेच व्यसन असेल, तर सारख्या पुरातून दोन तऱ्हेचे उंदीर निघायला नकोत. ते निघाले. हा प्रयोग समोर ठेवून कुणी पुराची कथा कशी सांगू शकेल, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि काकांची तंबाखू? महाराष्ट्रात २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात चारांतला जवळजवळ एक प्रौढ माणूस तोंडाने तंबाखू घेणारा निघाला. मिश्री लावणाऱ्या बायकाही त्यात आल्या. निकोटिनच्या संशोधनात मात्र सुखापेक्षा 'पुरे' म्हणणाऱ्या पेशी जास्त बोलक्या ठरल्या. मेंदूत खोलवर हबेन्युला नावाचा छोटासा भाग आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा लगाम. तिथल्या काही पेशींच्या अंगावरच्या निकोटिन-रिसेप्टरमध्ये अल्फा-५ नावाचा एक घटक असतो. निकोटिनचं प्रमाण वाढलं की या पेशी मळमळ, नकोसेपणा आणून हात आखडायला लावतात. फ्लोरिडात पॉल केनी यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की हा घटक नसलेले उंदीर जास्त मात्रेचं निकोटिनही घेतच राहतात. हबेन्युलात तो घटक परत आणला की लगाम परत येतो. माणसांमध्येही या घटकाच्या जनुकाचा एक प्रकार असा आहे, की तो असलेले लोक ओढू लागले तर जास्त ओढतात. त्यांना सुख जास्त मिळतं असं नाही. त्यांच्या मेंदूतून 'बस्स' हा शब्द उशिरा येतो.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थांबवावं लागतं. डी-१ म्हणजे गॅस आणि डी-२ म्हणजे ब्रेक, अशी नवी घोषणा आता विद्यार्थ्यांच्या तोंडी बसली आहे. तीही टिकत नाही. डी-१ पेशी एका वाटेने जातात आणि डी-२ दुसऱ्या, हे स्ट्रायटमच्या वरच्या भागात बरंचसं खरं असलं तरी अक्युम्बेन्समध्ये दोघींच्या वाटा एकमेकींत मिसळतात, हे २०१५ साली दाखवलं गेलं. पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या संशोधकांनी २०२० साली तर असं दाखवलं की थोडा वेळ चेतवल्या तर दोन्ही जातींच्या पेशी उंदराला आवडतात आणि जास्त वेळ चेतवल्या तर दोन्ही नकोशा होतात. म्हणजे पेशींनाही एकच कायमची भूमिका देता येत नाही. पण याने रूढ मताचा बचाव होत नाही. एका रसायनाने सगळं समजावण्याचा मार्ग याने उलट आणखी अरुंद होतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सगळं पेशींवर ढकललं तर माणसाच्या हातात काय उरलं? व्यसन मेंदूचा आजार मानला की माणूस हतबल ठरतो, असं म्हणणारे विद्वान आहेत आणि त्यांच्या हातात एक भक्कम पुरावा आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे जवळजवळ पाचांतला एक सैनिक व्यसनी झाला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फक्त सुमारे ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले. हा पुरावा मी मानतो. पण तो माझ्या विरोधात जात नाही. जंगल, भीती, बॅरेक, जोडीदार, सगळं बदललं. त्या सगळ्याला जोडलेल्या पेशींना चेतवणारं काही उरलं नाही. पेशी म्हणजे नशीब नव्हे. शिकणं साठवलं जातं ते पेशींतच, आणि शिकलेलं बदलतंही पेशींतच.

म्हणूनच डिटॉक्सच्या कल्पनेवर माझा जास्त राग आहे. लांब ठेवलं की ओढ आपोआप विरत जाते, ही तिची गृहीत बाजू. २००१ साली जेफ्री ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन सोडायला लावलेल्या उंदरांची तलफ मोजली. पहिल्या दिवशीपेक्षा महिन्याने ती जास्त होती, दोन महिन्यांनी आणखी जास्त. संशोधकांनी तिला अंडी उबवण्याचा शब्द वापरला. घरच्यांनी दाराला कडी लावली, माणूस तीन आठवडे आत राहिला, सगळ्यांना वाटलं सुटला. आणि बाहेर पडल्या संध्याकाळी तो परत गेला. मग घरचे म्हणतात, याला सुधारायचंच नाही. त्याला सुधारायचं नसतं असं नाही. कडीच्या आत तलफ उबत होती.

बाल्टिमोरच्या मार्को व्हेनिरो आणि याविन शाहाम यांचे प्रयोग याच जागी महत्त्वाचे ठरतात. उंदरापुढे दोन कळा: एक दाबली की मेथॲम्फेटामिन किंवा हेरॉइन, दुसरी दाबली की दार उघडून दुसरा उंदीर. २०१८ सालच्या निष्कर्षात बहुतेक उंदरांनी दार निवडलं, अगदी मादकाच्या पूर्ण आहारी गेलेल्यांनीही. दार उघडायला उशीर होऊ लागला, तेव्हा मात्र ते मादकाकडे वळले. जे उंदीर सोबत निवडून मेथॲम्फेटामिनपासून दूर राहिले, त्यांच्यात तलफ उबलीच नाही. दोन वर्षांनी याचा पेशींपर्यंत माग काढला गेला. मेंदूतल्या अमिग्डलाच्या मध्यभागी, कोंडून सोडवलेल्या उंदरांत तलफ चेतवणाऱ्या एका जातीच्या पेशी कामाला लागल्या होत्या. सोबतीने सोडलेल्यांत तलफ दाबणाऱ्या दुसऱ्या जातीच्या. दिवस तेवढेच, मादक तेच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे, आणि तिथे व्यसन म्हणजे आधी संकट: माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते. शिकार, जुगार, दारू ही राजाची व्यसनं त्या संकटांच्या यादीत येतात. मूळ शब्दात सुख कुठेच नव्हतं. ते आपण नंतर भरलं. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा पेशींच्या जातींवरचे हे प्रयोग झालेले नव्हते. गटातलं बोलणं, समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा यांवर त्यांनी भर दिला तो माणसं पाहून.

काकांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि डॉक्टरांनी दम दिला, त्या वर्षी त्यांनी तंबाखू सोडली. त्यांचे मेहुणेही त्याच महिन्यात सोडत होते. पहिले दोन महिने काकांचा हात जेवणानंतर रिकाम्या खिशात जायचा आणि तिथेच राहायचा. मेहुण्यांचा फोन रोज दुपारी दोनला यायचा, तलफेच्या वेळेला. बोलणं काय, तर पावसाचं, कांद्याच्या भावाचं, कुणाच्या तरी लग्नाचं. तंबाखूचा विषय दोघेही काढत नसत. एखाद्या दिवशी फोनला उशीर झाला की काकू स्वतःच नंबर लावून रिसीव्हर काकांच्या हातात द्यायची.